खेळ आणि खेळाचा धनी

मराठीत 'खेळ' हा शब्द मोठा सोशिक आहे. विटीदांडू हा खेळ, पत्त्यांचा डाव हाही खेळ. आणि 'आज रात्री खेळ आहे' असे कोणी म्हटले की जुन्या सांगलीकराच्या डोळ्यांपुढे नाटकाचा पडदा उभा राही. तंबूतला सिनेमा आला तेव्हा त्याचाही 'पहिला खेळ' आणि 'दुसरा खेळ' झाला. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत दूरचित्रवाणीच्या व संगणकाच्या पडद्यावर मुले जे बोटांनी खेळतात, त्यालाही याच शब्दाच्या पंगतीत पाट मिळाला. या सगळ्या खेळांत एक गोष्ट समान आहे. ते कोणीतरी रचलेले असतात, आणि रचणाऱ्यास न विचारता उचलून नेण्याची सोय त्या प्रत्येकात आहे.

ही उचलेगिरी मराठी मुलखात कशी चालली आणि हल्लीच्या काळात ती हळूहळू कशी कमी होत गेली, याची हकिकत सांगण्याजोगी आहे. ती सांगताना मी सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यावर डोळा ठेवणार आहे. कारण मोठ्या शहरात कोणतीही नवी रीत लवकर येते व लवकर जाते. तिचा खरा कस लागतो तो कऱ्हाड-विटा रस्त्यावरच्या अशा गावी.

कडेगाव म्हटले की बाहेरच्या माणसास मोहरमचे गगनचुंबी ताबूत आठवतात, आणि त्या ताबुतांच्या भेटीला लोटणारी हिंदू-मुसलमानांची एकत्र गर्दी. राजकारणातल्या माणसास याच तालुक्यातले देवराष्ट्रे आठवेल, कारण यशवंतराव चव्हाणांचा जन्म तेथला. हा सगळा मुलूख पूर्वी साताऱ्याचा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणजे नाटकाच्या माहेराशी कडेगावचे कागदोपत्री नाते तसे अलीकडचे. पण यात्रेतल्या नाटकाची हौस जिल्ह्याच्या नकाशाला विचारून येत नाही.

प्रारंभ नाटकापासूनच करावा लागतो. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांस, असेच पण अधिक नीटनेटके काही मराठीत करून दाखव, अशी आज्ञा केली. १८४३ साली 'सीता स्वयंवर' झाले, आणि त्याची आठवण म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतो. वाचकांनी येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. भाव्यांनी स्वतःही एक नमुना पाहूनच आरंभ केला. परंतु पदे त्यांची, आख्यानांची मांडणी त्यांची, पात्रांची तालीम त्यांची. नमुना पाहून शिकणे आणि दुसऱ्याचे बाड उचलणे यांतले अंतर त्या काळी कायद्यात नसले तरी माणसांना समजत होते.

१८५१ मध्ये अप्पासाहेब वारले, राजाश्रय आटला, आणि भाव्यांची मंडळी पोटासाठी गावोगाव निघाली. १८५३ मध्ये ती मुंबईस पोचली व तिकीट लावून खेळ करू लागली. तोवर भाव्यांच्या धर्तीवर नाटके करणाऱ्या इचलकरंजीकर, आळतेकर अशा मंडळ्या निघू लागल्या होत्या. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपापली गद्य भाषणे वेळेवर जुळवीत. म्हणून ज्याचा कान तीक्ष्ण व स्मरण चांगले, त्याला दोन रात्री बसून निम्मे नाटक घरी नेता येई. कंपनी सरकारने १८४७ मध्ये ग्रंथस्वाम्याचा एक कायदा केला होता खरा, पण तो छापलेल्या पुस्तकांपुरता, आणि सांगली तर संस्थान. भाव्यांनी पुढे १८८५ मध्ये आपली पदे 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने छापली. मंडळी मोडून वीसेक वर्षे उलटल्यावर आपल्या पदांवर आपले नाव घालण्याची ही खटपट मला फार बोलकी वाटते.

पुढची कथा नाट्यप्रेमी वाचकांस ठाऊकच आहे. नाटककाराने मंडळीला नाटक द्यायचे आणि मिळेल तेवढे घ्यायचे, ही रीत बरीच वर्षे चालली. नंतर छापील नाटकांच्या पहिल्या पानावर 'प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी घेणे आवश्यक' अशी ओळ येऊ लागली. खेड्यातल्या यात्रेत हौशी मंडळी नाटक बसवीत तेव्हा पुस्तकाची एकच प्रत विकत घेत; तिच्यावरून प्रत्येक पात्राची भाषणे वहीत उतरवली जात, आणि ती परवानगीची ओळ मात्र कोणाच्याच वहीत उतरत नसे. पेट्रोमॅक्सचे भाडे चुकते होई, पडदेवाल्यास पैसे मिळत, पेटीवाल्यास सुपारी मिळे. लेखक तेवढा विसरला जाई. यात कोणाच्या मनात पाप होते असे मी म्हणत नाही. लेखक दूर पुण्या-मुंबईस, आणि पडदेवाला समोर उभा. समोरच्याचे देणे माणूस चुकवत नाही. न दिसणाऱ्याचे देणे असते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आता पडदा बदलू.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढले. दूरचित्रवाणी संचास जोडायचे, वर कॅसेट खोचायची, हातात दोन मुठी धरायच्या. अमेरिकेसाठी याच यंत्राची जी आवृत्ती निघाली तिच्यात एक कुलूपवजा चिप होती. परवान्याची कॅसेट नसेल तर यंत्र चालूच होत नसे. मूळ जपानी यंत्रात मात्र हे कुलूप नव्हते. त्यामुळे नकला करणाऱ्यांनी साठ पिनांचे जपानी यंत्रच उचलले आणि त्याच्या हुबेहूब नकला आशियाभर पसरल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'लिटल मास्टर' वगैरे नावांनी जे 'टीव्ही गेम' आले ते याच जातीचे. गावात त्याला 'व्हिडिओ गेम' किंवा नुसते 'गेम' म्हणत. त्यांच्या पिवळ्या, निळ्या कॅसेटांवर '९९९९ इन १' असे छापलेले असे. आत जेमतेम पाच-पंचवीस खेळ. तेच खेळ वेगवेगळ्या पायरीपासून सुरू करून यादी हजारांवर नेलेली. चोरीच्या मालातही माप मारलेले!

कडेगाव-खानापूर भागातील पुष्कळ घरांतली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. दिवाळीला, यात्रेला ती गावी येतात तेव्हा त्यांच्या पिशव्यांतून शहरची नवलाई उतरते. त्यांतच कोठे हा टीव्ही गेम उतरला असल्यास नवल नाही. एका घरी यंत्र आले की गल्लीतली सारी मुले त्या घरी. 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' ही नावे आज चाळिशीत असलेल्या माणसाच्या तोंडी अजून देवाच्या नावासारखी येतात. कॅसेट चालेना झाली की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा विधी तर देशभर एकच होता. हे खेळ क्योतो वगैरे जपानी शहरांतील माणसांनी रचले, आणि आपण दिलेल्या पैशातला एक पैसाही त्यांना पोचला नाही, हे त्या मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. बाजारात अस्सल वस्तूच नसेल तर नक्कल ओळखायची कशावरून?

संगणक आला आणि मामला बदलला. येथे चोरी करणारा स्वतः ती हाताने करू लागला.

वास्तविक हा वाद जुना. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने संगणकाच्या हौशी लोकांना एक जाहीर पत्र लिहिले. 'अल्टेअर' यंत्रासाठी त्याने व त्याच्या सोबत्यांनी 'बेसिक' ही प्रणाली तयार केली होती. वापरणारे पुष्कळ, पण विकत घेणारे दहांत एकही नाही, अशी त्याची तक्रार; आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब केला तर आपल्या श्रमाचा मोबदला ताशी दोन डॉलरही पडत नाही, हा त्याचा हिशेब. लोकांनी त्याला शिव्या घातल्या. पुढे तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला, म्हणून त्या पत्राची कीव आज कोणास येत नाही. पण ते लिहिले तेव्हा तो श्रीमंत नव्हता.

दुसरी हकिकत लाहोरची. तेथील बासित व अमजद फारूक अल्वी या भावांनी वैद्यकीय कामाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याच्या चोरट्या प्रती निघतात हे पाहून त्यांनी १९८६ मध्ये फ्लॉपीत शिरून बसणारा एक चिमुकला प्रोग्रॅम केला, आणि त्यात आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक घातला. चोरास आपला पत्ता कळावा व त्याने येऊन शरण जावे, असा भाबडा बेत! तोच 'ब्रेन' हा आयबीएमच्या धर्तीच्या संगणकांतला पहिला व्हायरस म्हणून प्रसिद्धीस आला. चोर पकडण्यासाठी सोडलेले कुत्रे सगळ्या जगाला चावत सुटले.

या चावऱ्या कुत्र्यांवर औषध काढणारे एक घराणे आपल्या साताऱ्याकडचेच निघाले. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीपर्यंत शिकले, पुण्यास कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, आणि त्यांचे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून 'क्विक हील' उभी राहिली. हातोहात फिरणाऱ्या फ्लॉप्यांतून, आणि त्यांत खेळांच्या फ्लॉप्या कमी नव्हत्या, हा रोग कचेऱ्यांपासून शाळांपर्यंत पसरत होता. फुकटच्या खेळाची किंमत संगणक दुरुस्तीच्या बिलात भरणारे बापलोक तेव्हा थोडे नव्हते.

त्या काळच्या खेळांत कुलपेही मोठी मौजेची होती. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' केला. आपल्या धाकट्या भावास पळायला, उड्या मारायला लावून, त्याचे चित्रण करून, त्यावरून एकेक हालचाल त्याने काढली. पहिला मजला संपला की पुढे कुप्या मांडलेल्या; छापील पुस्तिकेतले अमुक अक्षर ज्या कुपीवर असेल तीच प्यायची, दुसरी प्याल तर मृत्यू. ज्याने खेळ विकत घेतला त्याच्याजवळ पुस्तिका. आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या संगणकांवर हा राजपुत्र धावत असे. पुस्तिका मात्र क्वचितच कोणी पाहिली असेल.

मग तबकड्या आल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, पदपथाच्या कडेला 'आय.जी.आय.', 'रोड रॅश', 'व्हाइस सिटी' यांचे ढीग लागले. शंभराच्या आतबाहेर तबकडी. अस्सल खोका दिसलाच तर त्यावर हजार-दीड हजाराचा आकडा. विटा, कऱ्हाड अशा ठिकाणच्या सायबर कॅफेत एकच तबकडी दहा यंत्रांवर चढे आणि मुले तासावर पैसे देऊन खेळत. तास मोजून पैसे देणाऱ्या त्या मुलाला कोणी चोर म्हटले असते तर तो रडलाच असता. त्याने पैसे दिले होते. फक्त भलत्या माणसाला दिले होते.

कायदा नव्हता असे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅम 'साहित्यकृती' म्हणून आले. ज्ञानेश्वरी आणि मारिओ कायद्याच्या एकाच कप्प्यात बसले, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने तर चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासही सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला. कमाईसाठी वापर नसेल तर नुसत्या दंडावर सुटका करण्याची मुभाही ठेवली. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची सांभाळासाठी एक प्रत काढून ठेवणे मात्र गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र सरकारने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्याविरुद्धच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात 'व्हिडिओ पायरेट' हा प्रकारही घातला. पण गल्लीतल्या पोराने खेळ उतरवला म्हणून कोणी त्याच्या दारी फौजदार पाठवीत नाही, आणि पाठवूही नये. दंडाच्या धाकाने ही सवय सुटली असे माझ्या पाहण्यात नाही.

'पायरसी'ला आपण 'चाचेगिरी' म्हणतो, हेही मला पटत नाही. इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांसही चाचाच म्हटले होते. कान्होजी मात्र दस्तक मागत होता, आपल्या दर्यातून जाणाऱ्याने रीतसर परवाना घ्यावा एवढेच त्याचे म्हणणे. त्या हिशेबाने आंग्रे परवानेवाल्यांच्या बाजूचे ठरतात!

तर मग सवय सुटली कशी? याचे उत्तम उदाहरण पोलंडचे आहे. तेथे १९९४ पर्यंत प्रोग्रॅमच्या चोरीविरुद्ध धड कायदा नव्हता, आणि वॉर्साच्या बाजारात खेळांच्या नकला उघड्यावर विकल्या जात. विकणाऱ्यांत मार्चिन इविन्स्की नावाचा शाळकरी मुलगाही होता. पुढे त्यानेच मित्राबरोबर 'सीडी प्रोजेक्ट' ही कंपनी काढून अस्सल तबकड्या आणावयास आरंभ केला. १९९९ मध्ये त्यांनी 'बॉल्डर्स गेट' हा मोठा इंग्रजी खेळ पूर्णपणे पोलिश भाषेत आणला. नामांकित नटांचे आवाज घेतले, पाच तबकड्यांच्या खोक्यात नकाशा व नियमांचे पुस्तक घातले. पहिल्याच दिवशी १८,००० खोकी खपली. चोर पाच तबकड्यांची नक्कल करू शकत होता, पण घरी येऊन पोरांनी आईला दाखवावा असा तो खोका त्याला देता येत नव्हता. २००७ मध्ये याच कंपनीने 'द विचर' हा स्वतःचा खेळ काढला व जगभर नाव मिळवले. चोरबाजारात ज्याने दुकान मांडले होते त्यालाच गिऱ्हाइकाचे मन ठाऊक होते.

'स्टीम' हे खेळांचे दुकान संगणकावर २००३ मध्ये निघाले. त्याचे चालक गेब न्यूअल यांचे म्हणणे असे की चोरी ही मुख्यतः सोयीची बाब आहे. चोरापेक्षा चांगली सेवा द्या, लोक पैसे देतील. आपल्याकडे ही सोय फार उशिरा आली. बरीच वर्षे स्टीमवर भाव डॉलरमध्ये, आणि पैसे भरायला परदेशी चालणारे क्रेडिट कार्ड लागे. कडेगावात ऊसवाल्याच्या घरात कारखान्याचे बिल बँकेत जमा होई, पण असे कार्ड किती घरांत असणार? म्हणजे मुलाच्या मनात विकत घ्यायचे आले तरी बापाला ते देता येत नव्हते. २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीमने भाव रुपयांत लावले आणि पुष्कळ खेळांची किंमत आपल्या ऐपतीकडे पाहून ठेवली. २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि त्याच वर्षी स्वस्त इंटरनेट. आता भाजीवाल्यास द्यावे तसे पैसे खेळ रचणाऱ्यास देता येऊ लागले. स्वस्त इंटरनेटने चोरून उतरवणेही तितकेच सोपे केले, हे विसरता कामा नये. दोन्ही दारे एकाच वेळी उघडली, आणि तरीही कित्येक तरुण पैशाच्या दारातून आत गेले. त्यांना कोणी वाखाणले नाही. दिवाळीच्या सुमारास स्टीमवर सवलत लागते तेव्हा त्यांनी शे-दोनशे रुपयांना एखादा खेळ घेतला, एवढेच. लहानपणी चोरून खेळलेला खेळ पुन्हा विकत घेऊन तो उघडूनही न पाहणारे लोक आहेत. हे मला फार मराठी वाटते. वडिलांनी ठेवलेली उधारी मुलाने दुकानात जाऊन चुकवावी, तसे.

याच काळात न दिसणारा लेखक दिसू लागला, आणि तोही पुण्यात. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्याच्या छोट्या मंडळीने 'राजी' नावाचा खेळ करायला घेतला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, दुर्गा व विष्णू यांचे निवेदन, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले. मग परदेशी कंपनीचे अनुदान मिळाले, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ बाहेर पडला. नाटक मंडळीच्या इतिहासात बायकोचे दागिने गहाण टाकून पडदे रंगवल्याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. ही त्याच जातीची. 'राजी'ची चोरटी प्रत उतरवणाऱ्या मुलाला हा फ्लॅट ठाऊक असता तर त्याने काय केले असते, हे सांगणे अवघड आहे. पण क्योतोचा माणूस दूर होता हे उत्तर येथे चालत नाही. पुणे कडेगावाहून एस.टी.ने एका दिवसाच्या आत आहे.

एवढे झाल्यावर प्रकरण मिटले असे वाटेल, पण दुसरी बाजू आता कोठे पुढे येत आहे. ज्याने रीतसर पैसे मोजले त्याच्या हाती आले काय? युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' हा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. खेळ चालण्यास कंपनीच्या यंत्राशी जोडणी लागे. ती तुटताच विकत घेतलेल्यांच्याही हाती काही उरले नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून, आपण वस्तू विकत नसून वापराचा परवाना देतो, हे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगण्याची सक्ती विक्रेत्यांवर केली. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. युरोपात 'विकलेला खेळ मारू नका' अशा अर्थाच्या मोहिमेवर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. पोलंडच्या त्याच मंडळींनी २००८ मध्ये काढलेल्या 'जीओजी' या दुकानात मात्र खेळ कुलपाविना मिळतो. एकदा उतरवून घरी ठेवला की तो घरचा.

गिऱ्हाईक प्रामाणिक झाले, आणि आता ते दुकानदाराकडे पावतीचा अर्थ विचारू लागले आहे. हा सवाल टाकण्याचा हक्क त्याला पैसे मोजल्यामुळेच मिळाला. चोरट्या प्रतीवर खेळणाऱ्याने कोणत्या तोंडाने विचारावे? सध्या मात्र अवस्था अशी की, कडेगावातल्या एखाद्या माळ्यावर पडलेली ती पिवळी '९९९९ इन १' फुंकर मारली तर बहुधा आजही चालू होईल, आणि 'द क्रू'साठी रीतसर पैसे भरणाऱ्याचा पडदा कंपनीने २०२४ मध्ये काळा केला.